स्वभावाला औषध नसते, तर वाचन-चिंतन कशासाठी?

मुलुंडचा वाचक (प्रश्न)

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमचे एक लहानसे वाचनमंडळ आहे. दर पंधरवड्याला रविवारी सकाळी आम्ही कुणातरी सदस्याच्या घरी जमतो, ठरलेला भाग एक जण मोठ्याने वाचतो आणि मग त्यावर चर्चा होते. दासबोधातले निवडक समास वाचून झाले, ज्ञानेश्वरीचे बारावा आणि तेरावा हे अध्याय झाले, आणि सध्या विनोबांची गीता-प्रवचने चालू आहेत, जी त्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिली आणि साने गुरुजींनी टिपून घेतली. सदस्य बहुतेक निवृत्त किंवा निवृत्तीला टेकलेले आहेत. कुणी बँकेत होते, कुणी महापालिकेत, कुणी रेल्वेत.

गेल्या बैठकीत चहा येण्याच्या सुमारास एका सदस्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "आपण इतकी वर्षे हे वाचतो आहोत, आपल्या वागण्यात काही फरक पडला का, असे आपल्या घरच्यांना विचारले तर ते काय सांगतील?" त्यावर थोडा वेळ कुणीच बोलले नाही आणि मग सगळेच एकदम बोलू लागले. एका गटाचे म्हणणे असे की स्वभावाला औषध नसते, माणूस सात-आठ वर्षांचा होईपर्यंत जसा घडतो तसाच तो सत्तरीपर्यंत राहतो, आणि ग्रंथवाचनाने फार तर त्याचे बोलणे सुधारते. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की चंचल मनसुद्धा अभ्यासाने आणि वैराग्याने आवरता येते असे गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलेले असताना स्वभावाकडे बोट दाखवणे ही निव्वळ पळवाट आहे. तिसरे मत असे होते की चारित्र्य तरुणपणी घडवायचे असते आणि शहाणपण वयाबरोबर आपसूक येते, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. हे मत मांडणारे गृहस्थ आमच्यात वयाने सर्वांत मोठे आहेत, हे नमूद केले पाहिजे.

एरवी हा वाद आम्ही तिथेच सोडून दिला असता. परंतु आमच्या सोसायटीतल्या काही पालकांनी येत्या जूनपासून पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींसाठी मंडळाने 'संस्कारांचे काहीतरी' करावे, असा आग्रह धरला आहे. आमचेच एकमत नसताना दुसऱ्यांच्या मुलांना काय सांगायचे, हा पेच आहे. म्हणून येथील जाणकारांना विचारतो की प्रौढ माणसाचे चारित्र्य खरोखर बदलते का, बदलत असेल तर ते कशाने बदलते, आणि चारित्र्य चांगले असणे म्हणजेच शहाणपण असणे, की या दोन निराळ्या गोष्टी आहेत? शक्यतो अनुभवाचे किंवा आधाराचे सांगावे. सुविचार आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी पुरेसे येतात.

गिरगावची शिक्षिका

मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचे बरेचसे मिळते.

अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नीतिशास्त्रावर जो ग्रंथ रचला, त्याच्या दुसऱ्या भागात तो अगदी सरळ सांगतो की न्यायाची कृत्ये करून माणूस न्यायी होतो आणि धैर्याची कृत्ये करून धीट होतो. आधी गुण येतो आणि मग कृती होते, असा क्रम नाही. त्याच ठिकाणी त्याने आपल्यासारख्या वाचणाऱ्यांना एक चिमटाही काढला आहे. पुष्कळ लोक कृती करण्याऐवजी चर्चेचा आश्रय घेतात आणि आपण तत्त्वचिंतन करतो आहोत म्हणजे चांगले होणारच असे समजतात. वैद्याचे सगळे म्हणणे लक्षपूर्वक ऐकून त्यातले काहीही न पाळणाऱ्या रोग्यांसारखे ते आहेत, असे तो म्हणतो. तुमच्या पहिल्या गटाला एवढेच सांगावेसे वाटते की औषध नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ते घेतले होते का, याची चौकशी व्हायला हवी. ज्ञानदेवांनीही बाराव्या अध्यायात अभ्यासाला काहीच दुष्कर नाही असे म्हटले आहे, आणि तो अध्याय तुमचा वाचून झाला आहे.

आता कृती म्हणजे काय, ते वर्गातल्या एका गोष्टीवरून सांगते. चाचणीचे पेपर तपासून परत दिले की मुले लगेच बेरीज पडताळतात. गुण कमी पडले असतील तर टेबलाभोवती गर्दी होते; जास्त पडले असतील तर सहसा कुणी येत नाही. एकदा आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत पेपर घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, तिसऱ्या प्रश्नाचे दोन गुण दोनदा धरलेत." मी त्याचे आभार मानले आणि लाल पेनाने ते दोन गुण कापले. शिक्षकांच्या खोलीत यावरून वाद झाला. प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून गुण तसेच ठेवायला हवे होते, असे सहकाऱ्यांना वाटत होते. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. गुण ठेवले असते तर त्याला व्यवहार कळला असता. कापल्यामुळे त्याला एवढे कळले की खरे सांगताना काही गमवावे लागते आणि ते गमावूनही माणूस ताठ उभा राहू शकतो. हे वारंवार करायला मिळाले, तर त्यातून जे तयार होते त्याला चारित्र्य म्हणावे. प्रामाणिकपणावरचा निबंध त्या मुलाने बहुधा बरा लिहिला नसता.

प्रौढांबाबत वेळ अधिक लागतो, पण तो अनंत नसतो. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला आधार नाही. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात, एखादी नवी साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. अर्थात ती सवय जेवणाबरोबर फळ खाणे किंवा थोडे चालणे अशा प्रकारची होती. मत्सर सोडण्याला किती दिवस लागतात, याचे मोजमाप अशा अभ्यासातून मिळत नाही.

लोकलचा प्रवासी

शिक्षिकाबाईंच्या उत्तराविषयी आदर आहे, परंतु मूळ गृहीतकच तपासायला हवे असे मला वाटते. माणसाच्या आत 'चारित्र्य' नावाची एक टिकाऊ वस्तू असते आणि ती सगळीकडे सारखीच काम करते, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या दोन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना निरनिराळ्या प्रसंगांत लबाडी करण्याची संधी देऊन पाहिली. एका प्रसंगात प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगातही तसेच राहील, असा भरवसा त्यांना देता आला नाही. बाईंचा तो मुलगा गुण परत करून दुपारी खेळताना गडी फोडत नसेलच, असे आपण सांगू शकत नाही.

याहून बोलका प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणसंस्थेतल्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटेसे भाषण करायला पाठवले. काहींचा विषय होता बायबलमधली दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची. वाटेत एका दाराशी एक मनुष्य वाकून, खोकत, कण्हत बसलेला होता; तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, मध्यम घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि "उशीर झालाय, लवकर जा" असे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. कोण परोपकारावर बोलायला चालला आहे आणि कोण दुसऱ्या विषयावर, याने ठळक असा फरक पडला नाही. आता सायंकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर किती जणांना 'उशीर झालाय' हे मनात धरा, आणि मग मुंबईकरांच्या माणुसकीवर मत द्या.

मी मध्य रेल्वेने वर्षानुवर्षे येजा करतो, म्हणून एक रोजचे उदाहरण देतो. तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस टेकतो, ही आपली 'चौथी सीट'. परवा खिडकीशी एक गृहस्थ हरिपाठाची लहान पुस्तिका घेऊन बसले होते, ओठ हलत होते, मांडीवरची बॅग आडवी पसरलेली होती. ठाण्याला चढलेल्या एका वयस्कर माणसाने "जरा सरकून घ्या" म्हटले, तेव्हा गृहस्थांनी फक्त पान उलटले. त्यांच्या शेजारचा कानात इअरफोन घातलेला पोरगा मोबाइलवर गोळीबाराचा खेळ खेळत होता. त्याने पडद्यावरची नजर न काढता पाठीवरची पिशवी पुढे घेतली, अंग चोरले आणि जागा करून दिली. यावरून हरिपाठ वाईट आणि खेळ चांगला, असे मला म्हणायचे नाही. उद्या याच्या नेमके उलट दिसेल. मला म्हणायचे आहे ते असे की चौथी सीट ही कुण्या एकाचा सद्गुण नाही, ती गाडीतली रीत आहे. बाहेरगावाहून नोकरीला आलेला माणूस ती महिनाभरात शिकतो, आणि त्याला कुणी प्रवचन दिलेले नसते.

म्हणून माझे मत असे की स्वतःला घडवण्यापेक्षा रीत आणि व्यवस्था घडवाव्यात. रस्त्यावर अपघातात पडलेल्याला उचलायला लोक कचरत, कारण पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या खेपांची धास्ती होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले. एका कलमाने जेवढे भित्रे लोक परोपकारी होऊ शकतात, तेवढे शंभर व्याख्यानांनी होणार नाहीत. अर्थात ते कलम लोकांना माहीत असले पाहिजे, आणि तिथे आपण कमी पडतो.

नायगावकर

प्रवासी यांनी आकडे बरोबर दिले आहेत, पण त्यांतल्या दहा टक्क्यांकडे पाहिलेच नाही. ज्यांना सर्वाधिक घाई होती त्यांच्यातलेही काही थांबले. ते का थांबले, हाच तर या धाग्याचा प्रश्न आहे. शिवाय व्यवस्था घडवायची म्हणता, ती घडवणार कोण? न्यायालयात ती याचिका लढवणारे कुणीतरी होते, आणि ते काम चिकाटीशिवाय झालेले नाही.

मी ज्या बौद्ध परंपरेत वाढलो तिथे शील म्हणजे सदाचार, समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता आणि प्रज्ञा म्हणजे जाण, ही तिन्ही एकमेकांना धरून शिकवली जातात. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मुंबईतच प्रसिद्ध झाला, यावर विस्ताराने लिहिले आहे. नुसती विद्वत्ता त्यांना पुरेशी वाटत नाही, प्रज्ञा हवी असे ते म्हणतात, आणि लगेच पुढे बजावतात की प्रज्ञा ही हातातल्या तलवारीसारखी आहे. शीलवानाच्या हाती ती संकटातल्या माणसाला वाचवील आणि शीलहीनाच्या हाती ती खून करील. मूळ प्रश्नातल्या 'चारित्र्य म्हणजेच शहाणपण का' या भागाचे उत्तर मला यात दिसते. दोन्ही निराळी आहेत, आणि म्हणूनच एकाला दुसऱ्याची राखण लागते.

साधनेचा तपशील पाहायचा तर बुद्धांच्या अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, पाहावा. त्यात चार प्रकारचे प्रयत्न सांगितले आहेत. जे वाईट अजून मनात उपजलेले नाही ते उपजू न देणे, जे उपजले आहे ते टाकून देणे, जे चांगले अजून आलेले नाही ते आणणे, आणि जे आले आहे ते टिकवून वाढवणे. मला यातला पहिला प्रयत्न सर्वांत व्यवहारी वाटतो, आणि तो प्रवासी यांच्या म्हणण्याच्या अगदी जवळचा आहे, कारण वाईट उपजू नये म्हणून माणूस आपली संगत, आपली जागा, आपला वेळ बदलू शकतो. ज्याला दारू सोडायची आहे त्याने गुत्त्याच्या गल्लीतून घरी जाऊ नये, एवढे साधे आहे ते. गल्ली निवडणे हीही त्या माणसाचीच कृती असते.

संगतीवरून आठवले. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात एक प्रसंग आहे. बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो, कल्याणमित्र, म्हणजे भल्या वाटेला लावणारा मित्र, लाभणे म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धे धम्मजीवन, साधणे होय. बुद्ध त्याला थांबवतात आणि सांगतात, आनंदा, असे म्हणू नकोस, तेच संपूर्ण ब्रह्मचर्य आहे. एकांतात डोळे मिटून बसण्याला फार मान मिळतो, आणि गोराईच्या पॅगोड्यात किंवा इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून आलेल्या अनेकांना त्याचा लाभ झालेला मी पाहिला आहे. पण अकराव्या दिवशी माणूस ज्यांच्यात परत येतो, त्यांच्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

मुलुंडचा वाचक

तिघांचेही मनापासून आभार. कल्याणमित्राचा मुद्दा मी मंडळात मांडणार आहे, कारण आमच्याकडे एकमेकांचे कौतुक करण्याची पद्धत फार आहे; वाचन झाले की 'छान झाले' म्हणतात आणि पोहे येतात. परंतु वयाने शहाणपण येते या मताला अजून कुणी हात घातलेला नाही. आमच्या ज्येष्ठांना मी काय सांगू? 'आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत' या वाक्यानंतर आमच्याकडे चर्चा थांबते.

पार्लेकर

मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून हा भाग माझ्याकडे घेतो. ज्येष्ठांना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगण्याची जबाबदारी तुमची.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून शहाणपणाचा पद्धतशीर अभ्यास केला. ते लोकांपुढे एखादा काल्पनिक पेच ठेवत आणि त्यावर मोठ्याने विचार करायला सांगत. एक पेच असा होता की पंधरा वर्षांची मुलगी ताबडतोब लग्न करायचे म्हणते आहे. तिने काय करावे, कशाचा विचार करावा? "छे, पंधराव्या वर्षी लग्न म्हणजे वेडेपणा" असे म्हणून मोकळे होणाऱ्याला कमी गुण मिळत. वरवर पाहता हा वेडेपणाच, पण ती असे का म्हणत असेल, ती कोणत्या समाजात राहते, तिला मोठा आजार आहे का, आईवडील नुकतेच गेले आहेत का, आणि तिच्याशी बोलायचे कसे, असा विचार करणाऱ्याला जास्त गुण मिळत. आपल्याकडे अठराच्या आत विवाह कायद्याने होत नाही, तेव्हा निर्णय ठरलेलाच आहे, असे कुणी म्हणेल. निर्णय ठरलेला असला तरी त्या मुलीशी बोलणे उरतेच, आणि शहाणपणाची परीक्षा नेमकी त्या बोलण्यात होते.

या अभ्यासांत विशी-पंचविशीपासून पंचाहत्तरीपर्यंतच्या लोकांची तुलना झाली, आणि निव्वळ वयाने गुण वाढतात असे दिसले नाही. ते घटले असेही दिसले नाही, हे ज्येष्ठांना आवर्जून सांगा. अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले होते की तरुण माणूस भूमितीत पारंगत होऊ शकतो पण व्यवहारज्ञानी होऊ शकत नाही, कारण त्याला अनुभव लागतो. ते खोटे नाही. अनुभव लागतोच, फक्त तो अंगावरून गेला म्हणजे मुरला असे होत नाही. चार पावसाळे पाहिलेल्या माणसाने त्या पावसाळ्यांत काय केले, हे विचारावे लागते.

याहून जिव्हारी लागणारा निष्कर्ष ग्रॉसमन आणि क्रॉस यांनी २०१४ मध्ये मांडला. त्यांनी प्रेमसंबंधात असलेल्या लोकांना जोडीदाराच्या प्रतारणेचा प्रसंग कल्पायला सांगितला; काहींना तो स्वतःवर आला आहे असे, तर काहींना मित्रावर आला आहे असे. मित्राच्या प्रसंगात लोक समोरच्याची बाजू पाहत, आपल्याला सगळे माहीत नाही हे मान्य करत, तडजोडीची वाट शोधत. स्वतःच्या प्रसंगात लोक एकांगी होत. मात्र स्वतःच्या पेचाकडे तिऱ्हाइतासारखे, 'तो' किंवा 'ती' म्हणून पाहायला सांगितले की हा फरक जवळजवळ नाहीसा होई. साठ ते ऐंशी वयाची मंडळीही स्वतःच्या बाबतीत वीस ते चाळीस वयाच्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. बायबलमधला बुद्धिमान राजा सॉलोमन इतरांना न्याय देई पण स्वतःचे घर त्याला सांभाळता आले नाही, म्हणून या विसंगतीला त्याचे नाव दिले आहे.

नायगावकरांच्या कल्याणमित्राचा आधार मला इथे सापडतो. आपल्या प्रश्नात आपण सगळे थोडे बावळट असतो, आणि दुसऱ्याच्या प्रश्नात थोडे शहाणे. मग शहाणपण उसने घ्यावे आणि उसने द्यावे, हेच सोयीचे नाही का? निंदकाचे घर असावे शेजारी, असे म्हणतात ते उगाच नव्हे. मुंबईत शेजार निवडता येत नाही, पण निदान रविवारच्या बैठकीत एकाला ती भूमिका वाटून देता येईल.

गिरगावची शिक्षिका

पार्लेकर यांनी उत्तम सांगितले. प्रवासी यांच्या आक्षेपाचेही उत्तर त्यात थोडेसे आहे असे मला वाटते; माणूस परिस्थितीने ढळतो हे खरे असेल, तर ढळताना सांगणारा कुणी जवळ असणे हीसुद्धा परिस्थितीच आहे.

बेंजामिन फ्रँकलिनचे उदाहरण देते, कारण तो संत नव्हता, छापखाना चालवणारा हिशेबी मनुष्य होता. त्याने गुणांची यादी केली, एका लहान वहीत सात वारांचे रकाने आखले, आठवड्याला एक गुण विशेष लक्षात ठेवायचा आणि चूक झाली की काळा ठिपका द्यायचा, असा नेम धरला. गुण तेरा झाले, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. नीटनेटकेपणाने त्याला सर्वांत जास्त छळले, असे तो आत्मचरित्रात सांगतो. गंमत अशी की त्याच्या पहिल्या यादीत गुण बाराच होते. लोक तुला गर्विष्ठ समजतात, वादात तू दुसऱ्याला चिरडतोस, असे त्याच्या एका क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या, मित्राने त्याला उदाहरणे देऊन सांगितले, तेव्हा विनम्रता हा तेरावा गुण आला. ज्या दोषाची सर्वांना खबर होती तो त्याच्या वहीत नव्हता, तो दाखवायला मित्र लागला. आणि गर्व आपण पूर्ण जिंकला असे वाटले तर आपल्याला आपल्या नम्रतेचाच गर्व होईल, असे त्याने शेवटी लिहून ठेवले आहे.

वही नको असेल तर रोमन तत्त्वज्ञ सेनेकाची रीत आहे. दिवा मालवला आणि त्याची सवय माहीत असलेली बायको गप्प झाली की तो आपला दिवस आठवून स्वतःची झडती घेई, असे त्याने क्रोधावरच्या निबंधात लिहिले आहे. आपल्या वन रूम किचनमध्ये सगळे एकाच वेळी गप्प होतील याची हमी नाही, पण विरारची शेवटची गाडी गेल्यावर प्रयत्न करता येईल.

मंडळासाठी एक सुचवते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खांच्या, म्हणजे शिकूनही मूर्ख राहिलेल्यांच्या, लक्षणांचा. बहुतेक मंडळांत पहिला समास वाचला जातो, कारण त्यात शेजारी दिसतात. तुम्ही दहावा घ्या. 'आपलेन ज्ञातेपणें, सकळांस शब्द ठेवणें' हे वाचताना खोलीतल्या कुणालाही खिडकीबाहेर पाहता येणार नाही. अट एकच ठेवा की प्रत्येकाने एक ओवी निवडायची आणि ती स्वतःला कुठे लागू पडते, तेवढेच बोलायचे.

लोकलचा प्रवासी

वहीविषयी माझी शंका कायम आहे. काळे ठिपके देणारा आणि घेणारा एकच असेल, तर लेखापरीक्षणाला अर्थ उरत नाही. पण क्वेकर मित्राचा मुद्दा मान्य.

मुलांविषयी मात्र आग्रहाने सांगतो की त्यांना समास वाचायला लावू नका, निदान सुरुवातीला. जूननंतर गणेशोत्सव येतो. वर्गणीचे काम त्यांच्याकडे द्या. पावतीपुस्तक एकाकडे, रोकड दुसऱ्याकडे, आणि रोजची जमा त्याच रात्री खाली फलकावर लावायची, फ्लॅट क्रमांकासह. मांडववाल्याचे, सजावटीचे, प्रसादाचे प्रत्येक बिल त्याला जोडायचे. अशा रचनेत लबाडी करणे गैरसोयीचे होते, आणि गैरसोय हा फार चांगला गुरू आहे.

गिरगावची शिक्षिका

फलक हवा, बिले हवीत, पण पुस्तक एकाकडे आणि रोकड दुसऱ्याकडे, याला माझा विरोध आहे. सतत दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची असेल, तर विश्वासाला पात्र ठरण्याची संधीच कुणाला मिळत नाही. एकाच मुलीच्या हाती पुस्तक आणि रोकड दोन्ही द्या, हिशेब आठवड्याने मागा, आणि मधल्या सहा दिवसांत विचारू नका. काही रक्कम इकडेतिकडे होण्याचा धोका आहे. तो मोठ्यांनी पत्करावा, आणि तूट आली तर मंडळाने गुपचूप भरून न काढता तिच्यासमोर बसून आकडे लावावेत.

पार्लेकर

पहिल्या वर्षी प्रवासी यांची रीत आणि दुसऱ्या वर्षी बाईंची, असे करून पाहायला हरकत नसावी. आधी रीत हाताला लागते, मग नजर काढून घेता येते. उलट क्रमाने केले तर पहिल्याच तुटीनंतर सोसायटीची सर्वसाधारण सभा उपक्रम बंद पाडील, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

नायगावकर

एक विचारू का? या कामात भाडेकरूंची मुले असतील, की फक्त सदनिका मालकीच्या असलेल्यांची? आणि वॉचमनच्या खोलीत राहणारी, झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलेही त्याच वयाची असतील. पैशाच्या कामात विश्वास ठेवायचा म्हटले की ही नावे यादीतून आपोआप गळतात, असा माझा अनुभव आहे.

मुलुंडचा वाचक

नायगावकर, खरे सांगायचे तर यादी पालकांनी केली आहे आणि तीत भाडेकरूंपैकी एकच नाव आहे. वॉचमनच्या मुलीचे नाव नाही, जी बारावीला वाणिज्य शाखेत आहे आणि हिशेबात आमच्या अर्ध्या कार्यकारिणीपेक्षा तयार असेल. सोसायटीचे सभासदत्व हा प्रश्न इथे येत नाही, कारण उत्सवाची वर्गणी आणि तिचे हिशेब सोसायटीच्या खात्यापासून वेगळे असतात, त्यामुळे नियमांची अडचण सांगून कुणाला टाळता येणार नाही. येत्या बैठकीत मी ही यादी पुन्हा मांडतो आणि त्या मुलीचे नाव पहिल्या पावतीपुस्तकासाठी सुचवतो. विरोध होईल, आणि तो नेमका कोण करील याचाही मला अंदाज आहे. पढतमूर्खांचा समास त्याच दिवशी वाचायचा की पुढच्या पंधरवड्याला, एवढे बाईंनी सांगावे.

गिरगावची शिक्षिका

त्याच दिवशी, पण यादीचा निर्णय झाल्यानंतर. आधी वाचलात तर सगळे तासाभरापुरते उदार होतील आणि पुढच्या बैठकीत नाव पुन्हा कापले जाईल.